महाविद्यालयाचे नाव आणि घराचा ताळेबंद

(संस्थेच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त आयोजित गुणवंत विद्यार्थी सत्कार व पालक मेळाव्यात केलेले भाषण)



संस्थेच्या पन्नास वर्षांच्या वाटचालीच्या या मंगल प्रसंगी माझ्यासारख्या सामान्य व्यापाऱ्याला चार शब्द बोलण्याची संधी दिलीत, याबद्दल मी विश्वस्त मंडळाचा ऋणी आहे. मी शिक्षणतज्ज्ञ नाही. वाणिज्य शाखेची पदवी घेतली आणि वडिलांच्या कापड दुकानाच्या गादीवर बसलो, तो आजतागायत तेथेच आहे. परंतु गेली बारा वर्षे संस्थेच्या शिष्यवृत्ती समितीवर काम करीत असल्याने दरवर्षी जून-जुलै महिन्यांत माझ्या दुकानात कापडाच्या गिऱ्हाइकांबरोबरच चिंताग्रस्त पालकही येतात. त्यांचा प्रश्न बहुधा एकच असतो : "अण्णा, पोराला अमुक कॉलेजात प्रवेश मिळतोय. नाव मोठं आहे, पण फीही मोठी आहे. दुसरीकडे शिष्यवृत्ती मिळते, पण त्या कॉलेजाचं नाव कुणी ऐकलेलं नाही. काय करू?"

हा प्रश्न केवळ पैशाचा नाही. त्यात मुलाने दोन वर्षे रात्री जागून केलेल्या अभ्यासाचा अभिमान आहे, आजीची हौस आहे, नातेवाइकांत होणाऱ्या चर्चेचे दडपण आहे आणि धाकट्या बहिणीच्या शिक्षणासाठी बाजूला ठेवलेली मुदत ठेवही आहे. म्हणून त्याचे उत्तर एका वाक्यात देता येत नाही. आपल्याकडे अनेकांताची शिकवण आहे. एका वस्तूला अनेक बाजू असतात आणि एकाच बाजूने पाहून निर्णय करू नये, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. महाविद्यालय निवडताना मात्र आपण नेमके ते विसरतो आणि केवळ नाव तरी पाहतो किंवा केवळ फी तरी.

कापडाच्या धंद्यातील एक गोष्ट सांगतो. नवखे गिऱ्हाईक ताक्याच्या काठावरचा छाप पाहून भुलते. जाणते गिऱ्हाईक कापड बोटांच्या चिमटीत धरून पोत पाहते, पन्ना किती ते विचारते, पहिल्या धुण्यात किती आटेल याची चौकशी करते आणि मग भाव विचारते. तोही छापील नव्हे, वटाव वजा जाता हातात किती पडेल तो. महाविद्यालयाची निवड याच चार प्रश्नांनी करावी, असे माझे नम्र मत आहे. पोत म्हणजे प्रत्यक्ष शिक्षण. पन्ना म्हणजे त्या पदवीने पुढे उघडणाऱ्या वाटा. आटणे म्हणजे दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी अचानक कमी होणारी सवलत. आणि भाव म्हणजे सर्व वटाव वजा जाता चार वर्षांत घरातून जाणारी एकूण रक्कम.

प्रथम भावाचे पाहू. आपण बहुतेक जण माहितीपत्रकातील पहिल्या वर्षाचे शिक्षण शुल्क पाहून घाबरतो किंवा निश्चिंत होतो. दोन्ही चूक. एक काल्पनिक उदाहरण घेऊ. समजा, पहिल्या महाविद्यालयाची फी वर्षाला तीन लाख रुपये आणि वसतिगृह, खाणावळ, प्रवास मिळून सव्वा लाख. चार वर्षांचे झाले सतरा लाख. दुसरे महाविद्यालय जिल्ह्याच्या ठिकाणी. फी एक लाख वीस हजार, त्यात निम्मी सवलत, म्हणजे साठ हजार. मुलगा घरून जाऊन-येऊन शिकणार, वरखर्च वीस हजार. चार वर्षांचे झाले तीन लाख वीस हजार. फरक तेरा लाख ऐंशी हजारांचा. आता प्रश्न "मोठे नाव की छोटे नाव?" हा राहत नाही. प्रश्न असा होतो की, या तेरा लाख ऐंशी हजारांत पहिले महाविद्यालय असे काय देते जे दुसरीकडे मिळणार नाही? कधी उत्तर ठोस मिळेल, कधी केवळ छाप मिळेल. पण प्रश्न असा मांडल्याशिवाय उत्तर मिळणार नाही.

येथे एक मोठा गैरसमज दूर केला पाहिजे. जास्त फी म्हणजे जास्त नाव, असे आपल्याकडे अनेकांना वाटते. वस्तुस्थिती बऱ्याचदा उलट आहे. पुण्याचे अभियांत्रिकी महाविद्यालय १८५४ पासूनचे. २०२२ मध्ये त्याला स्वतंत्र विद्यापीठाचा दर्जा मिळाला. मुंबईची व्हीजेटीआय १८८७ ची, तेथीलच रसायन तंत्रज्ञान संस्था १९३३ ची. आपल्या शेजारचे मिरजेचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९६२ चे. या सर्व संस्थांचे नाव गुणवत्तेने झाले आहे, महागाईने नव्हे. तेथे प्रवेश अवघड आहे, कारण तेथे पैसा चालत नाही, गुण चालतात. आयआयटीचेच पाहा. २०१६ पासून तेथील शिक्षण शुल्क वर्षाला दोन लाख रुपये झाले, तेव्हा अनेक मध्यमवर्गीय घरांनी ते आपल्या आवाक्याबाहेरचे मानले. परंतु त्याच वेळी असेही ठरले की, कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न एक लाखापेक्षा कमी असल्यास पूर्ण शुल्क माफ आणि एक ते पाच लाखांच्या दरम्यान असल्यास दोन तृतीयांश माफ. म्हणजे चार लाख उत्पन्न असलेल्या घराला दोन लाखांऐवजी सुमारे सदुसष्ट हजार पडतात. छापील भाव पाहूनच ज्याने पाठ फिरवली, त्याने वटाव विचारलाच नाही.

आता शिष्यवृत्तीविषयी. शिष्यवृत्ती घेणे म्हणजे हात पसरणे, अशी एक संकोचाची भावना आपल्या समाजात अजून आहे. ती सोडून द्यावी, अशी माझी विनंती आहे. गुणवत्तेवर मिळणारी शिष्यवृत्ती ही विद्यार्थ्याची कमाई असते. महामानव डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ मध्ये अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठात गेले ते बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी दिलेल्या शिष्यवृत्तीवर. महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षांसाठी. शिक्षण संपल्यावर बडोदा संस्थानाची नोकरी करण्याची अट त्यांनी करारावर सही करून मान्य केली होती. या एका उदाहरणात दोन्ही धडे आहेत. मोठ्या नावाच्या विद्यापीठात जाणे योग्यच, जर त्याचा भार पेलण्याची सोय असेल. आणि प्रत्येक शिष्यवृत्तीला अट असते, ती सही करण्यापूर्वी वाचावी.

अटींचे महत्त्व मी अनुभवाने सांगतो. माझ्या परिचयातील एका कुटुंबाने मुलाला एका खासगी विद्यापीठात घातले, कारण बारावीच्या गुणांवर निम्मी फी माफ झाली होती. दुसऱ्या वर्षी मुलाचे गुण ठरलेल्या मर्यादेच्या थोडे खाली गेले आणि सवलत बंद झाली. मुलगा आळशी नव्हता. नवे शहर, नवी भाषा, अवघड विषय. परंतु पत्रातील तिसऱ्या पानावरची ती ओळ घरात कोणीही वाचलेली नव्हती. उरलेल्या तीन वर्षांची पूर्ण फी भरण्यासाठी त्या गृहस्थांनी आईचे दागिने मोडले. कापड आटले ते असे. म्हणून सवलतीचे पत्र हाती येताच पाच गोष्टी लेखी विचारा. सवलत पहिल्याच वर्षापुरती की पूर्ण अभ्यासक्रमासाठी? ती टिकवायला किती गुण लागतात? एकदा गेली तर गुण सुधारल्यावर परत मिळते का? वसतिगृह आणि खाणावळ त्यात धरली आहे का? आणि दरवर्षी फी वाढली तर सवलत त्या प्रमाणात वाढते का? ज्या संस्थेला हे प्रश्न आवडत नाहीत, तिचे उत्तर त्यातच मिळाले असे समजा.

शासनाच्या योजनांची माहितीही आपल्या घरांत फार कमी असते. राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजनेत आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबातील विद्यार्थ्यांना व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी शिक्षण शुल्काच्या पन्नास टक्के रक्कम मिळते. जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग आणि इतर मागास वर्गातील मुलींना ही सवलत शंभर टक्के झाली. अभियांत्रिकीसारख्या अभ्यासक्रमांत प्रत्येक शाखेत पाच टक्के अधिसंख्य जागा शिक्षण शुल्क माफीच्या असतात. त्यांनाही आठ लाखांचीच उत्पन्नमर्यादा आहे, मात्र तेथे प्रवेश घेतल्यावर पुढे महाविद्यालय वा शाखा बदलता येत नाही. बारावीत आपल्या मंडळाच्या परीक्षेत वरच्या वीस टक्क्यांत आलेल्या आणि साडेचार लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या विद्यार्थ्यांना केंद्र शासनाची पदवीसाठी वर्षाला बारा हजारांची शिष्यवृत्ती आहे. जैन समाजाला जानेवारी २०१४ मध्ये राष्ट्रीय पातळीवर अल्पसंख्याक दर्जा मिळाला. त्यामुळे अल्पसंख्याक विद्यार्थ्यांच्या योजना आणि जैन अल्पसंख्याक संस्थांतील राखीव जागा यांचाही विचार करता येतो.

मात्र एक गोष्ट पालकांनी मनावर कोरून ठेवावी. शासनाच्या शुल्क सवलती केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून, म्हणजे गुणवत्तेच्या यादीतून प्रवेश घेणाऱ्यांसाठी आहेत. व्यवस्थापन कोट्यातून घेतलेल्या प्रवेशाला त्या मिळत नाहीत, आणि खासगी व अभिमत विद्यापीठे त्यांच्या कक्षेबाहेर आहेत. म्हणजे नावासाठी ज्याने मागच्या दाराने प्रवेश घेतला, त्याने जास्त भाव तर दिलाच, शिवाय हक्काचा वटावही गमावला. फीखेरीज देणगी म्हणून वेगळी रक्कम मागणे हा तर १९८७ च्या महाराष्ट्र कायद्याने गुन्हाच आहे. असा व्यवहार करून आपण मुलाला शिक्षणाच्या उंबरठ्यावरच कोणता धडा देतो, याचा विचार प्रत्येकाने करावा.

मग नावाला काहीच अर्थ नाही का? तसे मी म्हणणार नाही. ते एकांगी होईल. चांगल्या नावाच्या संस्थेत सोबत शिकणारी मुले तोलामोलाची असतात, ग्रंथालय आणि प्रयोगशाळा समृद्ध असतात, माजी विद्यार्थी हात देतात, कंपन्या स्वतःहून दारी येतात. हा पन्ना मोठा आहे आणि त्यासाठी काही जास्त मोजणे शहाणपणाचेच आहे. विशेषतः व्यवस्थापनाच्या उच्च शिक्षणात संस्थेच्या नावाचे मोल फार असते. पण नाव संस्थेचे आहे की आपल्या मुलाला मिळणाऱ्या शाखेचे, हे पाहावे. एखाद्या महाविद्यालयाची एक शाखा देशभर गाजलेली असते आणि दुसऱ्या शाखेत शिकवायला पुरेसे प्राध्यापकही नसतात. तसेच जाहिरातीत छापलेला सर्वांत मोठा पगार पाहू नये. शंभरातील एकाला मिळालेला पगार उरलेल्या नव्व्याण्णवांच्या उपयोगाचा नाही. मधल्या क्रमांकावरच्या विद्यार्थ्याला किती मिळतात ते विचारावे. केंद्र शासनाच्या राष्ट्रीय संस्था क्रमवारीत, जी २०१६ पासून प्रसिद्ध होते, सहभागी संस्थांनी स्वतः दिलेली माहिती सर्वांना पाहायला खुली असते : किती मुले उत्तीर्ण झाली, किती नोकरीस लागली, किती पुढे शिकायला गेली आणि मधला पगार किती. घरातील मुलगा-मुलगी अर्ध्या तासात ती काढून देतील. क्रमांकापेक्षा हे आकडे अधिक बोलके असतात.

आणि काही क्षेत्रे अशी आहेत की तेथे पहिल्या पदवीचे नाव पुढच्या दाराशी कोणी विचारत नाही. आपल्या समाजातील अनेक मुले सनदी लेखापाल होतात. त्या परीक्षेच्या उत्तरपत्रिकेवर महाविद्यालयाचे नाव नसते. मुंबईच्या प्रसिद्ध महाविद्यालयातील विद्यार्थी आणि तालुक्याच्या गावातील विद्यार्थी एकच प्रश्नपत्रिका सोडवतात. २०२३ च्या नव्या रचनेत दोन वर्षे प्रत्यक्ष कामाचे प्रशिक्षण घ्यावे लागते आणि त्यात विद्यावेतनही मिळते. वैद्यकीय पदवीनंतर पदव्युत्तर प्रवेश पुन्हा देशपातळीवरील परीक्षेनेच होतो. अभियांत्रिकीनंतर गेट परीक्षेत चांगले गुण मिळवून मान्यताप्राप्त संस्थेत एम.टेक.ला प्रवेश घेतल्यास महिना बारा हजार चारशे रुपयांचे विद्यावेतन आहे. लोकसेवा आयोगाला मान्यताप्राप्त विद्यापीठाची पदवी हवी, प्रसिद्ध विद्यापीठाची नव्हे. अशा क्षेत्रांत पहिले दार साधे असले तरी चालते. दुसरे दार परीक्षेने उघडते. तेथे पहिल्याच दाराशी घरची सर्व पुंजी रिती करणे म्हणजे मुलाला दुसऱ्या दारापर्यंत पोहोचण्याआधीच रिकाम्या हाताने उभे करणे होय.

कर्जाविषयी थोडे सांगतो, कारण व्याज हा माझ्या धंद्यातला रोजचा विषय. शैक्षणिक कर्ज वाईट नाही. सावकाराच्या दारात जाण्यापेक्षा ते कितीतरी बरे. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या पीएम विद्यालक्ष्मी योजनेत देशातील निवडक दर्जेदार संस्थांत गुणवत्तेवर प्रवेश मिळालेल्यांना तारण व जामिनाशिवाय कर्जाची सोय आहे, आणि आठ लाखांपर्यंत उत्पन्न असणाऱ्यांपैकी ठरावीक संख्येच्या विद्यार्थ्यांना दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर शिक्षणकाळात तीन टक्के व्याज सवलत आहे. पण हिशेब मात्र करावा. समजा, दरवर्षी तीन लाख याप्रमाणे चार वर्षांत बारा लाख उचलले, व्याज दहा टक्के, आणि शिक्षण संपल्यावर एक वर्षाने फेड सुरू झाली. तोपर्यंत सरळ व्याजानेच चार लाख वीस हजार चढतात. सोळा लाख वीस हजार दहा वर्षांत फेडायचे तर महिना सुमारे एकवीस हजार चारशेचा हप्ता बसतो आणि बँकेत एकूण पंचवीस लाख एकोणसत्तर हजारांच्या आसपास भरावे लागतात. उचललेल्या बारांचे पंचवीस झाले. तेच कर्ज चार लाखांचे असते, तर हप्ता सात हजारांच्या थोडा वर राहिला असता. बावीस-तेवीस वर्षांच्या मुलाला नोकरी निवडण्याचे, पुढे शिकण्याचे, प्रसंगी वडिलांच्या व्यवसायात नवे काही करून पाहण्याचे स्वातंत्र्य हवे असते. एकवीस हजारांचा हप्ता ते स्वातंत्र्य काढून घेतो. म्हणून माझा साधा निकष असा : मुलाला सुरुवातीला मिळू शकणाऱ्या मधल्या पगाराच्या चौथ्या हिश्श्यात हप्ता बसत असेल तर कर्ज जरूर घ्या. बसत नसेल तर नाव कितीही मोठे असले तरी थांबा. आणि दुकान, राहते घर किंवा दुसऱ्या अपत्याच्या शिक्षणाची ठेव ही तीन गाठोडी कोणत्याही नावासाठी सोडू नका.

आता थोडे परखड बोलतो, ज्येष्ठांनी क्षमा करावी. पालकांवर हे दडपण येते कोठून? ते आपणच निर्माण करतो. विवाह जुळवताना परिचयपत्रात पदवीआधी महाविद्यालयाचे नाव आपण वाचतो. आपल्या सत्कार समारंभाच्या फलकावर नावाजलेल्या संस्थेतील मुलांची छायाचित्रे मोठी आणि गावातच शिकून पहिल्या वर्गात उत्तीर्ण झालेल्यांची नावे लहान अक्षरांत असतात. लग्नात ऋण काढून सण करू नये, हे आपल्याला आता पटले आहे. शिक्षणातही तेच पटायला हवे.

आपल्या पूर्वजांनी या बाबतीत फार दूरदृष्टी दाखवली होती. दक्षिण महाराष्ट्र जैन सभा १८९९ मध्ये स्थापन झाली आणि तिने ठिकठिकाणी विद्यार्थ्यांसाठी बोर्डिंगे काढली. कर्मवीर भाऊराव पाटील कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगमध्ये राहून शिकले. पुढे १९१९ मध्ये त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली, १९२४ मध्ये साताऱ्यात सर्व जातिधर्मांच्या मुलांसाठी वसतिगृह सुरू केले आणि 'कमवा आणि शिका' हा मार्ग महाराष्ट्राला दिला. या थोरांनी आधी बोर्डिंगे का काढली? कारण त्यांनी ओळखले होते की खेड्यातील मुलाला फीपेक्षाही राहण्या-जेवण्याचा खर्च अडवतो. शंभर वर्षांनंतरही हे तितकेच खरे आहे. आजच्या बहुतेक सवलती शिक्षण शुल्काच्या आहेत. वसतिगृह आणि खाणावळ घरावरच पडते.

दोन वर्षांपूर्वी आमच्या समितीपुढे एका मुलीचा अर्ज आला. वडील एका पेढीवर दिवाणजी. मुलीला गुणवत्तेवर, शिक्षण शुल्क पूर्ण माफ असलेली अभियांत्रिकीची जागा दूरच्या जिल्ह्यात मिळाली होती. राहण्या-जेवण्याचे वर्षाला नव्वद हजार हवे होते. आपल्या नियमावलीप्रमाणे मोठी मदत 'नामांकित संस्थेतील प्रवेशास' मिळते आणि ते महाविद्यालय आपल्या यादीत नव्हते. नियमाप्रमाणे तिला पाच हजारांचे पारितोषिक व प्रशस्तिपत्र देता आले. त्याच सभेत यादीतील एका संस्थेत व्यवस्थापन कोट्यातून प्रवेश घेतलेल्या विद्यार्थ्याला नियमानुसारच पंचवीस हजार मंजूर झाले. मुलीची प्रवेशाची मुदत टळली आणि जागा गेली. ती आज गावातच विज्ञान शाखेत शिकते आणि उत्तम शिकते. तिची कीव करण्याचे कारण नाही. पण जी जागा तिने स्वतःच्या गुणांवर मिळवली होती, ती नव्वद हजारांसाठी गेली आणि आपल्या तिजोरीत तेव्हा पैसे होते. दोष कोणा व्यक्तीचा नाही, नियमाचा आहे. तो बदलण्याची लेखी सूचना मी त्याच वेळी दिली आहे.

येत्या सर्वसाधारण सभेत सुवर्णमहोत्सवी निधीच्या विनियोगाचा विचार होणार आहे. त्या निमित्ताने विश्वस्तांपुढे चार विनंत्या ठेवतो. एक, मदत ठरवताना संस्थेच्या नावाची यादी बाजूला ठेवून, सर्व सवलती वजा जाता घराला कमी पडणारी रक्कम पाहावी आणि गुणवत्तेवर प्रवेश मिळालेल्यांना ती भरून द्यावी. दोन, शासनाची शिष्यवृत्ती खात्यावर जमा व्हायला अनेकदा वर्ष उलटते, पण प्रवेशाचे पैसे आठ दिवसांत भरावे लागतात. या मधल्या काळासाठी बिनव्याजी हातउसने देण्याचा वेगळा फिरता निधी असावा. जमशेटजी टाटांनी १८९२ मध्ये परदेशी शिक्षणासाठी सुरू केलेला निधी कर्ज-शिष्यवृत्ती देतो. घेणारा परत फेडतो आणि तोच पैसा पुढच्याला उपयोगी पडतो. आपल्याला लहान प्रमाणात हे सहज जमेल. तीन, दरवर्षी मे महिन्यात संस्थेच्या सभागृहात आठवडाभर मदत केंद्र चालवावे. उत्पन्नाचा दाखला, अधिवास प्रमाणपत्र, आधारशी जोडलेले बँक खाते, महाडीबीटीवरील अर्ज आणि त्याचे दरवर्षीचे नूतनीकरण यांत मुले अडतात. आपल्यातील निवृत्त शिक्षक आणि तरुण लेखापाल हे काम आनंदाने करतील. आणि चार, सत्काराच्या फलकावर विद्यार्थ्याचे नाव, अभ्यासक्रम आणि गुण लिहावेत. महाविद्यालयाचे नाव लिहू नये. यात एक पैसाही खर्च नाही, पण कित्येक वडिलांच्या मनावरचा भार त्याने हलका होईल.

विद्यार्थी मित्रहो, शेवटी दोन शब्द तुमच्यासाठी. ज्याला मोठ्या संस्थेत गुणांवर प्रवेश मिळाला आणि घरच्या ऐपतीत बसला, त्याने निर्धास्तपणे जावे; समाज पाठीशी आहे. ज्याने घरचा विचार करून जवळचे, सवलतीचे महाविद्यालय निवडले, त्याने स्वतःला कमी लेखू नये. ताण्याचे धागे संस्था देते, बाण्याचे धागे विद्यार्थ्याला स्वतःच घालावे लागतात, आणि दोन्हींशिवाय कापड होत नाही. वडिलांना त्यांचे उत्पन्न विचारण्याचा संकोच करू नका, आणि पालकांनीही ते मुलांपासून लपवू नये. ज्या घरात बारावीच्या निकालाआधी आई-वडील आणि मुले एकत्र बसून कागदावर हा हिशेब मांडतात, त्या घरात पुढे कोणालाही कोणाला दोष द्यावा लागत नाही.

ज्ञानदानाला आपल्या परंपरेत मोठे स्थान आहे. ते दान योग्य वेळी, योग्य जागी पोहोचावे, एवढीच माझी तळमळ आहे. संस्थेच्या पुढील वाटचालीस शुभेच्छा देऊन माझे भाषण पूर्ण करतो.

जय जिनेंद्र.